दिलेले जुने कपडे जातात कुठे?

कपाट आवरताना न होणारे, न आवडणारे, नुसतेच पडून राहिलेले कपडे बाजूला निघतात. ते एका पिशवीत भरायचे, पिशवी एखाद्या संस्थेच्या दारात ठेवायची किंवा रस्त्याकडेच्या पेटीत टाकायची, आणि मोकळं व्हायचं. देणाऱ्याचं काम इथे संपतं. पिशवीचा प्रवास मात्र इथून सुरू होतो, आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. आपल्या मनात एक साधं चित्र असतं: माझा शर्ट, ज्याच्याकडे धड शर्ट नाही अशा माणसाच्या अंगावर. असं घडतंही, पण फार थोड्या शर्टांच्या बाबतीत. बाकीचे विकले जातात, जहाजावर चढतात, फाडून त्यांची फडकी होतात, पिंजून त्यांचं सूत होतं, किंवा ते सरळ कचऱ्यात जातात.

यातल्या काही वाटा गरजूंच्या उपयोगी पडतात, काही त्यांच्याच डोक्यावर ओझं होऊन बसतात. कोणता कपडा कोणत्या वाटेला लागणार हे बरंचसं पिशवी भरतानाच ठरून जातं.

निवडीचं टेबल

मोठ्या केंद्रात निवडीचं काम सरकत्या पट्ट्याशेजारी उभं राहून चालतं, छोट्या संस्थेत एखाद्या खोलीत जमिनीवर बसून. पद्धत साधारण तीच. पिशवीची गाठ सोडली की आधी नाक काम करतं. कुबट वास आला की आतला प्रत्येक कपडा संशयित. मग हात. सराईत माणूस कपडा खांद्यांना धरूनच उचलतो, म्हणजे एका झटक्यात तो समोर पूर्ण उलगडतो. नजर पहिली जाते कॉलरच्या घडीवर, कारण मळाची रेघ तिथे बसलेली असते. मग काखेत, बाह्यांच्या टोकांशी. पँट असेल तर गुडघ्यांवर आणि मांड्यांच्या मधल्या शिवणीवर, कापड सगळ्यात आधी तिथेच विरतं. चेन एकदा वर-खाली करायची, खिशांत हात घालून बघायचा (किल्ल्या, नोटा, औषधांच्या गोळ्या, काहीही निघतं), आतल्या लेबलवरून कापड कोणतं ते पाहायचं. हे सगळं काही सेकंदांत उरकतं आणि कपडा आपापल्या ढिगावर जाऊन पडतो.

ढीग किती? लहान संस्थेत चार-पाच: लगेच वाटता येण्यासारखे, विकता येण्यासारखे, दुरुस्तीचे, फडक्यांचे, टाकायचे. व्यापारी पातळीवरच्या मोठ्या केंद्रांत शंभराहून जास्त प्रकार पाडतात. पुरुषांची सुती पँट वेगळी, जीन्स वेगळी, लहान मुलांचे उन्हाळी कपडे वेगळे, हिवाळी वेगळे, कारण प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं असतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, पुढचं बरंचसं तिच्यावरच उभं आहे. हे सगळं फुकट होत नाही. जागेचं भाडं, गाडीचं इंधन, काम करणाऱ्यांची मजुरी आणि शेवटी जे टाकायचं त्याची विल्हेवाट, या सगळ्याला पैसे मोजावे लागतात. म्हणजे पिशवीतला प्रत्येक निरुपयोगी कपडा संस्थेचा खर्च वाढवतो. ‘असू दे, कोणाच्या तरी उपयोगाला येईल’ म्हणून टाकलेली विटकी, ताणून सैल झालेली बनियन शेवटी संस्थेच्याच कचऱ्याच्या बिलात जमा होते. आपल्या घरातला कचरा आपण दुसऱ्याच्या खर्चाने टाकला, एवढाच त्याचा अर्थ.

विकले म्हणजे फसवलं का?

आपण फुकट दिलेला कपडा संस्थेने दुकानात विकायला ठेवलेला दिसला की अनेकांना राग येतो. हा राग बहुतेक वेळा चुकीच्या जागी असतो.

अमेरिकेतली ‘गुडविल’ ही संस्था १९०२ साली बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स नावाच्या पाद्र्याने सुरू केली. सधन वस्त्यांतून जुने कपडे आणि घरगुती वस्तू गोळा करायच्या, गरीब आणि बेकार माणसांना त्या दुरुस्त करायचं काम द्यायचं, मग त्या विकायच्या आणि त्यातून त्यांची मजुरी भागवायची, अशी त्यांची योजना होती. म्हणजे गरजू माणसाला कोट मिळण्यापेक्षा कोट दुरुस्त करण्याची नोकरी मिळत होती. ब्रिटनमध्ये ‘ऑक्सफॅम’ या सेवाभावी संस्थेने १९४७ च्या अखेरीस ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर पहिलं कायमचं दुकान उघडलं, तेही युद्धानंतर ग्रीसच्या मदतीसाठी केलेल्या आवाहनाला लोकांनी गरजेपेक्षा कितीतरी जास्त सामान दिलं म्हणून. जे पाठवण्याजोगं नव्हतं ते विकून पैसा उभा करणं शहाणपणाचं होतं.

हिशेब साधा आहे. भारीतला लग्नसमारंभी सूट बेघर माणसाला दिला तर त्याला त्याचा काय उपयोग? तोच सूट ज्याला हवा त्याला विकला तर येणाऱ्या पैशात अनेकांचे मोजे, अंतर्वस्त्रं आणि एखादं गरम पांघरूण येईल, तेही नवंकोरं आणि ज्याच्या त्याच्या मापाचं. शिवाय स्वस्तातलं जुन्या कपड्यांचं दुकान ही स्वतःच एक मदत असते. कमी पैशांत, कोणाच्या उपकाराखाली न येता, स्वतः हाताने निवडून कपडा घेता येतो. फुकट गाठोड्यात हे सुख नसतं.

प्रश्न विकण्याचा नाही, विकून आलेला पैसा जातो कुठे याचा आहे. तिथे मात्र डोळे उघडे ठेवायला हवेत. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या सगळ्याच पेट्या सेवाभावी संस्थांच्या नसतात. काही सरळ व्यापारी कंपन्यांच्या असतात, तर काहींवर संस्थेचं नाव आणि बोधचिन्ह असतं पण कपडे कंपनीच्या ताब्यात जातात आणि संस्थेला नावाच्या वापराबद्दल ठरलेली रक्कम मिळते. ही व्यवस्था बेकायदा असेलच असं नाही. पण आपण दान करतो आहोत की एखाद्याला फुकटात कच्चा माल पुरवतो आहोत, हे देणाऱ्याला कळायला हवं.

गाठी समुद्रापार

दुकानात जे खपत नाही त्याच्या दाबून बांधलेल्या गाठी होतात. श्रीमंत देशांत जमा होणारे कपडे तिथल्या तिथे पुन्हा वापरले जाण्याइतकी त्यांना मागणी नसते. म्हणून त्या गाठी आफ्रिका, आशिया, पूर्व युरोप आणि दक्षिण अमेरिकेकडे निघतात.

घानाची राजधानी अक्रा इथला कांतामांतो बाजार हा जगातल्या जुन्या कपड्यांच्या सगळ्यात मोठ्या बाजारांपैकी एक. इथे येणारी एक गाठ साधारण ५५ किलोची. अरुंद बोळांतून गाडी जात नाही, म्हणून ती वाहून नेतात डोक्यावर, आणि हे काम करणाऱ्यांत तरुण मुली आणि बायका बऱ्याच असतात. व्यापारी गाठ न उघडताच विकत घेतो, बहुतेकदा कर्ज काढून. आत काय आहे ते पट्ट्या कापल्यावरच कळतं. वर चार चांगले शर्ट आणि खाली डाग पडलेल्या, बटणं तुटलेल्या, धुऊन धुऊन आकार गेलेल्या कपड्यांचा थर निघाला तर त्याचं त्या आठवड्याचं भांडवल बुडालं. हा सगळा जुगार शेवटी कोणीतरी कुठेतरी पिशवीत काय भरलं त्यावर चाललेला असतो.

यातला कचरा किती यावर जोरदार वाद आहे. तिथे काम करणारी ‘द ऑर फाउंडेशन’ ही संस्था सांगते की बाजारात दर आठवड्याला सुमारे दीड कोटी कपडे येतात आणि त्यांपैकी सुमारे ४० टक्के कचरा होऊन बाहेर पडतात. जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांची संघटना म्हणते, हा आकडा अवास्तव आहे, वाया जाणारा माल ५ टक्क्यांच्या वर नाही. दोघांचेही हितसंबंध आहेत. पण अक्राच्या किनाऱ्यावर वाळूत रुतलेल्या, एकमेकांत गुंतून दोरखंड झालेल्या कपड्यांचे फोटो कोणीही बघू शकतो. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्याच बाजारावर हजारो शिंपी, धुणारे, इस्त्रीवाले, रंगारी पोट भरतात. जुना कपडा उसवून नवा शिवण्याचं त्यांचं कसब थक्क करणारं आहे. जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला तिथे मोठी आग लागून बाजाराचा बराच भाग जळाला, तेव्हा हजारोंची रोजीरोटी गेली. त्यामुळे ‘जुने कपडे पाठवणं बंदच करा’ असं दूर बसून म्हणणं सोपं आहे, बरोबर आहेच असं नाही.

स्थानिक कापड उद्योगाचं काय होतं? गार्थ फ्रेझर या अर्थतज्ज्ञाचा २००८ मधला अभ्यास यासाठी नेहमी पुढे केला जातो. १९८१ ते २००० या काळात आफ्रिकेतलं तयार कपड्यांचं उत्पादन जेवढं घटलं, त्यातल्या सुमारे ४० टक्के घटीचं कारण जुन्या कपड्यांची आयात होती, असा त्याचा निष्कर्ष होता. मार्च २०१६ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी मिळून ही आयात हळूहळू थांबवायचं ठरवलं. त्यावर अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने तक्रार केली, अमेरिकी सरकारने व्यापारी सवलती काढून घेण्याचा इशारा दिला, आणि केनियासह बाकीचे देश मागे हटले. रवांडा हटला नाही. त्याने किलोमागे ०.२० डॉलर असलेलं आयातशुल्क २.५० डॉलरवर नेऊन ठेवलं. २०१८ साली अमेरिकेने रवांडाच्या तयार कपड्यांना मिळणारी करमुक्त प्रवेशाची सवलत काढून घेतली. कपाटातून निघालेला शर्ट दोन सरकारांच्या भांडणात असा जाऊन पोचतो.

आणि ज्याला कुठेच गिऱ्हाईक नाही? उत्तर चिलीतल्या इकिके या करमुक्त बंदरात कपड्यांचे कंटेनर उतरतात. जे खपत नाही ते परत न्यायला पैसे लागतात, म्हणून ते जवळच्या अटाकामा वाळवंटात नेऊन टाकलं गेलं आणि तिथे कपड्यांच्या टेकड्या तयार झाल्या. अटाकामा हा जगातल्या सगळ्यात कोरड्या प्रदेशांपैकी एक आहे, आणि त्यात पॉलिएस्टर. तिथे काय कुजणार?

चिंध्या, सूत, ब्लँकेट

घालता न येणाऱ्या सुती कपड्याला एक मानाची जागा अजून आहे. तो फाडून कारखान्यांत, गॅरेजमध्ये, छापखान्यांत पुसायची फडकी म्हणून जातो. जुनं, अनेकदा धुतलेलं सुती कापड नव्यापेक्षा जास्त शोषून घेतं. पॉलिएस्टर पाणी नीट टिपत नाही, त्यामुळे त्याला इथे कोणी विचारत नाही.

लोकरीची गोष्ट आणखी जुनी. १८१३ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्कशायरात बॅटली या गावी बेंजामिन लॉ याने जुनी लोकरी वस्त्रं पिंजून, त्यांचे तंतू नव्या लोकरीत मिसळून पुन्हा सूत काढायची युक्ती बसवली. गंमत म्हणजे ‘ऑक्सफॅम’चं कपडे निवडायचं मोठं केंद्र आज याच बॅटलीत आहे. भारतात हरियाणातल्या पानिपतात हाच धंदा मोठा झाला. परदेशातून आलेले जुने स्वेटर आणि कोट तिथे रंगांप्रमाणे वेगळे करतात, बटणं, चेन, अस्तरं कापून काढतात आणि कापड पिंजतात. रंगांप्रमाणे वेगळे का? म्हणजे सूत पुन्हा रंगवावं लागत नाही, लाल कपड्यांचं लालच सूत निघतं. या सुताची स्वस्त ब्लँकेटं वर्षानुवर्षं जगभरच्या आपत्तींमध्ये वाटली गेली. अलीकडे पॉलिएस्टरच्या हलक्या फ्लीस ब्लँकेटांनी त्या धंद्याला मोठा धक्का दिला आहे.

मग सगळेच जुने कपडे पिंजून नवे का करत नाहीत? कारण पिंजताना तंतू तुटून आखूड होतात. आखूड तंतूंचं सूत कच्चं निघतं, त्यात नवे लांब तंतू मिसळावेच लागतात. त्यात आजचा कपडा एकाच धाग्याचा क्वचित असतो. सुती म्हणून घेतलेल्या टी-शर्टात पॉलिएस्टर असतं, जीन्समध्ये ताणण्यासाठी इलॅस्टेन असतं, आणि हे एकमेकांत मिसळलेले धागे वेगळे करणं महागडं रासायनिक काम आहे. वस्तूंच्या पुनर्वापरासाठी काम करणाऱ्या एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालाप्रमाणे कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या मालापैकी १ टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यांत येतो. दुसऱ्या बाजूला जगात तंतूंचं उत्पादन २०२३ मध्ये सुमारे १२.४ कोटी टनांवर पोचलं, त्यात निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून सदस्य देशांना कापड इतर कचऱ्यापासून वेगळं गोळा करण्याची सक्ती केली आहे. गोळा करणं त्यामुळे वाढेल. गोळा केलेल्याचं पुढे काय, हा प्रश्न आहे तिथेच आहे.

पूर, भूकंप आणि कपड्यांचे ढीग

आपत्ती आली की लोकांचा पहिला हात कपाटाकडे जातो. भावना खरी असते, पण नेमक्या याच वेळी जुने कपडे सगळ्यात कमी उपयोगी पडतात.

आपत्तीनंतर पहिले काही दिवस रस्ते, धावपट्टी, ट्रक, गोदामं आणि माणसं यांचीच टंचाई असते. औषधं, पाणी, तंबू यांना वाट हवी असते. त्याच वाटेवर न निवडलेल्या, न मोजलेल्या, मापं-लिंग-वय काहीही न लिहिलेल्या कपड्यांच्या पिशव्या येऊन पडतात. १९९८ मध्ये ‘मिच’ चक्रीवादळाने होंडुरास उद्ध्वस्त झाल्यावर धावपट्टीवर कपड्यांच्या गाठी पडून असल्यामुळे मदतीचं विमान उतरू शकलं नाही, हा प्रसंग अमेरिकी मदत यंत्रणेतल्या अधिकाऱ्यांनी जाहीरपणे सांगितला आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या बांदा आचेच्या किनाऱ्यावर कपड्यांचा ढीग उन्हापावसात सडला आणि शेवटी जाळावा लागला. मदतकार्यातली माणसं अशा सामानाला ‘दुसरी आपत्ती’ म्हणतात. नावात कडवटपणा आहे, आणि तो समजण्यासारखा आहे.

अशा वेळी पैसे बरे. पैशाला गोदाम लागत नाही, त्याची निवड करावी लागत नाही. त्यातून जवळच्याच भागातून मापाचे, तिथल्या हवेला आणि राहणीला जुळणारे कपडे घेता येतात. वर तिथल्या दुकानदारालाही हातभार लागतो, ज्याचं स्वतःचं घर कदाचित त्याच पुरात गेलेलं असतं. कपडेच द्यायचे असतील तर काम करणाऱ्या संस्थेने नेमकी यादी जाहीर करेपर्यंत थांबावं, आणि यादीत आहे तेवढंच द्यावं.

मग लागतं काय?

गरज कुठे आणि पुरवठा कुठे, यांचा मेळ बसत नाही. बायकांचे आणि लहान मुलांचे कपडे भरपूर येतात. बायका जास्त खरेदी करतात, मुलं भराभर वाढतात. पुरुषमंडळी शर्ट विरेपर्यंत घालतात, त्यामुळे त्यांच्याकडून आलेला कपडा आधीच अर्धा संपलेला असतो. बेघरांच्या निवाऱ्यात मात्र पुरुष बरेच असतात. म्हणून धड अवस्थेतली पुरुषांची पँट, चांगला पट्टा, मजबूत बूट या गोष्टींना निवाऱ्यात नेहमी मागणी असते.

मोजे आणि अंतर्वस्त्रं यांची गरज सगळ्यात मोठी, आणि ही जुनी कोणी देऊही नयेत, घेऊही नयेत. दिवसभर चालणाऱ्या, रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाचे पाय ओले राहिले की आधी कातडी सोलते, मग जखमा होतात. त्याला कोरड्या मोज्यांची जोडी एखाद्या जॅकेटइतकीच मोलाची असते. ते नवेच घेऊन द्यावेत.

थंडीचे कपडे थंडी सुरू व्हायच्या आधी द्यावेत. बहुतेक लोक थंडी सरल्यावर कपाट आवरतात आणि कोट तेव्हा देतात. मग संस्थेला ते पुढचे आठ-नऊ महिने सांभाळत बसावं लागतं.

काही गरजा अगदी नेमक्या असतात. १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली ‘ड्रेस फॉर सक्सेस’ ही संस्था नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या बायकांना त्या दिवसासाठी साजेसे कपडे देते. त्यासाठी तुमचा नीट जपलेला फॉर्मल कपडा लागतो. विटलेला टी-शर्ट तिथे निरर्थक आहे.

आणि घेणाऱ्याला काय वाटतं याचाही विचार हवा. भारतातली ‘गूंज’ ही संस्था अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केली. २०१५ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या पद्धतीत गावातले लोक आपल्याला हवं ते सार्वजनिक काम स्वतः ठरवतात, विहीर, तळं, रस्ता, आणि ते पूर्ण केल्यावर कपड्यांचा संच त्यांना कामाचा मोबदला म्हणून मिळतो. कपडे तेच जुने, पण मिळतात ते कमावलेले म्हणून. याच संस्थेने जुन्या सुती कापडाच्या धुतलेल्या घड्या पाळीत वापरण्यासाठी तयार करून दिल्या, ज्या गरजेबद्दल देणारे सहसा विचारही करत नाहीत. काही ठिकाणी फुकट वाटपही दुकानासारखंच मांडतात. हँगरवर कपडे, मापांचे रकाने, घालून बघायला आडोसा आणि आरसा. खर्च थोडा वाढतो, पण घरी नेलेला कपडा घातला जातो. कोणीतरी हातात कोंबलेला बहुधा पडून राहतो.

पिशवी भरताना

कपडा धुतलेला तर हवाच, त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो पूर्ण वाळलेला हवा. शिवणीत राहिलेला ओलावा बंद पिशवीत बुरशी धरतो, आणि एका दमट मोज्यामुळे शेजारचे दहा चांगले कपडे वासाला लागतात. घरात कोणाला खरूज झाली असेल तर कपडे गरम पाण्यात धुऊन चांगल्या उष्णतेत वाळवावेत. खरजेचे किडे माणसाच्या अंगाबाहेर सहसा दोन-तीन दिवसच तगतात, त्यामुळे धुता न येणारा कपडा आठवडाभर घट्ट बंद पिशवीत ठेवला तरी चालतो. ढेकणांना हा उपाय लागू पडत नाही. ते उपाशीपोटी महिनोन्‌महिने जगतात, त्यांना उष्णताच हवी. घरात ढेकूण असतील तर ते जाईपर्यंत कपडे देऊच नयेत.

तुटलेलं बटण लावायला आपल्याला पाच मिनिटं लागतात. निवडीच्या टेबलावर ती पाच मिनिटं कोणाकडेच नसतात, म्हणून एका बटणापायी चांगला शर्ट फडक्यांच्या ढिगावर जातो. बुटांची जोडी नाडीने एकमेकांना बांधावी. एकेकटा बूट ढिगात हरवला की दोन्ही वाया. मुलांच्या कपड्यांवर वय किंवा माप लिहिलेली चिठ्ठी लावली तर वाटणाऱ्याचं निम्मं काम होतं. पुरुष, बायका, मुलं यांच्या पिशव्या वेगळ्या आणि प्रत्येकीवर नाव. खिसे उलटे करून बघावेत.

द्यावा की नाही अशा कपड्यांसाठी एक कसोटी बरी पडते: हाच कपडा आपल्या मित्राने मागितला तर संकोच न वाटता देता येईल का? येत नसेल तर तो पिशवीत नको. सुती असेल तर घरीच फडकी करावीत. फाटकी चादर, जुने टॉवेल प्राण्यांच्या निवाऱ्यांना बहुधा हवे असतात, पण तिथेही आधी विचारून.

कोणाला द्यायचे

वाट जितकी छोटी तितकं कमी वाया जातं. ज्याला कपडा हवा आहे असा माणूस ओळखीत असेल आणि त्याला विचारायची सोय असेल तर त्याहून सरळ काही नाही. त्यानंतर येतात थेट वाटप करणाऱ्या जवळच्या जागा: निवारे, वसतिगृहं, घर सोडून आलेल्या बायकांची आश्रयस्थानं, निर्वासितांसोबत काम करणारे गट. त्यानंतर स्वतःची दुकानं चालवणाऱ्या संस्था. रस्त्यावरची पेटी सगळ्यात शेवटी, आणि तीही तिच्यावर चालवणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन स्पष्ट असेल तरच. फोन लावून बघावा. तो लागतच नसेल तर पेटीकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

जाण्याआधी संस्थेला फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात. सध्या काय हवं आहे आणि काय नको? कपडे तुम्ही वाटता की विकता, आणि विकले तर पैसा कोणत्या कामाला जातो? जे चालत नाही त्याचं काय करता? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बरंच काही सांगून जातं. ‘आमच्याकडे काहीच वाया जात नाही’ असं कोणी ठासून सांगितलं तर मला शंका येते, कारण कपड्यांत तसं होत नाही. ‘अमुक एवढं फडक्यांच्या व्यापाऱ्याला देतो, उरलेलं कचऱ्यात जातं आणि त्याचे पैसे आम्हीच भरतो’ असं सरळ सांगणारी संस्था जास्त विश्वासाची. ‘आत्ता नको, गोदाम भरलंय, दोन महिन्यांनी या’ असं उत्तर आलं तर पिशवी तोवर घरातच, कोरड्या जागी ठेवावी. आणि एखादा भारी कपडा कोणत्याच यादीत बसत नसेल तर तो स्वतः ऑनलाइन विकून ते पैसे त्याच संस्थेला पाठवता येतात. तिचा निवडीचा, गाडीचा आणि गोदामाचा सगळाच खर्च त्यात वाचतो.